टेक्सासमध्ये बर्फ येतोय: घर आणि घरची माणसं कशी सांभाळायची?

सई_कॅटी
17 जानेवारी 2025, सकाळी 8:40

नमस्कार मंडळी,

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सॅन होजेहून ह्यूस्टनजवळच्या कॅटीला राहायला आलो. येत्या मंगळवारी इथे बर्फ पडणार असं हवामानखातं रोज थोडं अधिक ठामपणे सांगतंय. रात्री पारा 20 ते 25 फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे चार ते उणे सात सेल्सियसपर्यंत उतरेल असा अंदाज आहे. साताऱ्याहून सासूबाई-सासरे आलेत. सासऱ्यांना दमा आहे आणि लेक चार वर्षांची आहे.

एका बाजूचे शेजारी म्हणतात, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, स्वेटर घाला आणि निवांत राहा. दुसऱ्या बाजूच्या आजींनी मला हाताला धरून त्यांच्या हॉलमध्ये नेलं आणि छताचा नवीन घातलेला तुकडा दाखवला. फेब्रुवारी 2021 च्या कडाक्याच्या थंडीत, टेक्सासभर वीज गेली तेव्हा, पाइप फुटून तिथून पाणी कोसळलं होतं. त्या उद्याच बहिणीकडे निघाल्यात.

तुमच्यापैकी जे 2021 ला इथे होते त्यांनी कृपया सांगा. आधी काय करायचं? वीज गेली तर काय? आणि आजारी माणसाला घेऊन घरीच थांबावं की आधीच हॉटेल गाठावं? घर 1998चं, दुमजली, शेगडी गॅसची, घर तापवणारं फर्नेसही गॅसचं.

---

शशांक_ह्यूस्टन
17 जानेवारी, सकाळी 9:15

सई, पाणी हा इथला पहिला शत्रू. थंडी त्याच्यानंतर.

इथल्या घरांना तळघर नसतं. त्यामुळे पाण्याचे पाइप बऱ्याच घरांत छपराखालच्या माळ्यातून, म्हणजे अ‍ॅटिकमधून फिरवलेले असतात, तेही कधीकधी इन्सुलेशनच्या, म्हणजे थंडी-ऊन अडवणाऱ्या थराच्या, वरून. बाहेर गोठलं की अ‍ॅटिकही गोठतं. पाणी गोठताना फुगतं, मधे अडकलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि पाइप चिरतो. पण चिरला हे तेव्हा कळत नाही. बर्फ वितळला, पाणी वाहायला लागलं की मग कळतं.

2021 ला आमच्या वरच्या बेडरूममध्ये असंच झालं. दुपारी ऊन पडलं म्हणून आम्ही खूश होतो. तेवढ्यात छताला पोट आलेलं दिसलं. शीटरॉक, म्हणजे छताचा जिप्समचा तक्ता, ओला होऊन खाली लोंबत होता, मधोमध पिवळट डाग. बायकोने बेड ओढला आणि पुढच्या मिनिटाला तो तुकडा, वरचं गुलाबी इन्सुलेशन आणि पाणी सगळं एकदम खाली आलं. मुख्य कॉक कुठे आहे ते माहीत होतं म्हणून खालचा मजला वाचला.

म्हणून आजच्या आज:

घरचा मुख्य कॉक शोधा. बहुतेक वेळा गराजच्या भिंतीत किंवा बाहेर विटांच्या भिंतीजवळ असतो. तो सापडला नाही तर रस्त्याकडेच्या मीटरच्या खड्ड्यात असतोच. त्याचं झाकण उघडायला आणि कॉक फिरवायला टीच्या आकाराची लांब किल्ली लागते, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तो कॉक फिरवून दाखवा. सासऱ्यांनाही.

बाहेरच्या नळांना लावलेले होज काढा. नुसतं फोमचं टोपण चढवून उपयोग नाही, होज तसाच असेल तर आत पाणी अडकतं आणि भिंतीतला पाइप जातो.

गोठण्याच्या रात्री मुख्य कॉकपासून सर्वांत लांबचा नळ गरम आणि गार दोन्ही बाजूंनी बारीक धारेत ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, म्हणजे घरातली ऊब पाइपला लागते. साबण, फिनेल तिथून आधी हलवा, लेक लहान आहे.

---

वेणू_सॅनअँटोनियो
17 जानेवारी, सकाळी 9:22

शशांक, सेव्ह करून ठेवलं. होजचं कुणीच सांगत नाही.

---

मिनेसोटाकर
17 जानेवारी, सकाळी 10:05

आमच्याकडे उणे पंचवीसलाही शाळा चालू असतात हो. उणे पाचला एवढी धावपळ का होते हे मला मनापासून समजून घ्यायचंय.

---

टिकटिक
17 जानेवारी, सकाळी 10:31

@मिनेसोटाकर, प्रश्न रास्त आहे. तुमचं घर थंडी बाहेर ठेवायला बांधलंय, इथलं घर उष्णता बाहेर टाकायला. तुमचे पाइप जमिनीखाली खोल आणि घराच्या उबदार पोटात असतात. आमच्याकडे बिनटाकीचा गीझर कित्येकदा घराच्या बाहेरच्या भिंतीवर टांगलेला असतो! त्यात गोठू नये म्हणून छोटा हीटर असतो खरा, पण तो विजेवर चालतो. वीज गेली की गीझर उघडा पडतो, तेव्हा त्यातलं पाणी काढून टाकावं लागतं.

आणि तुमच्या गावाला बर्फ ढकलणाऱ्या गाड्या आहेत, मीठ आहे, सवय आहे. इथे पुलांवर वाळू टाकतात आणि लोकांना घरी बसायला सांगतात. तेच बरोबर आहे.

सई, एक महत्त्वाचं. तुमचं फर्नेस गॅसचं असलं तरी त्याचा पंखा आणि कंट्रोल विजेवर चालतात. वीज गेली की तेही बंद. शेगडी मात्र बहुतेक काडीने पेटवता येईल, एकदा करून बघा.

---

मिनेसोटाकर
17 जानेवारी, सकाळी 10:50

बाहेरच्या भिंतीवर गीझर! आता समजलं. मग माझ्याकडून उपयोगाचं सांगतो.

म्हातारी माणसं थंडीपेक्षा घसरून जास्त जायबंदी होतात. ड्राइव्हवेवरचा बर्फ दुपारी वितळतो आणि रात्री काचेसारखा गोठतो, दिसतही नाही. आईवडिलांना सकाळी पेपर, टपाल, कचऱ्याचा डबा यासाठी बाहेर पाठवू नका. चालावंच लागलं तर छोटी पावलं, अंग किंचित पुढे, हात खिशाबाहेर. कपडे एकावर एक पातळ घाला, एक जाडजूड नको. अंगालगत सुती बनियन नको, घामाने ओलं झालं की गार पडतं. कानटोपी हवीच, साताऱ्याची माकडटोपी असेल तर उत्तम.

---

सई_कॅटी
17 जानेवारी, सकाळी 11:12

माकडटोपी आणलीय त्यांनी! ह्यूस्टनला येताना कशाला म्हणून मी बॅगेतून काढायला निघाले होते, सासूबाईंनी काढू दिली नाही.

---

डॉ_कल्याणी
17 जानेवारी, दुपारी 12:40

ह्यूस्टनमध्ये रुग्णालयात काम करते. 2021 च्या त्या आठवड्यात इमर्जन्सीत होते, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आणि सगळ्यांनी वाचावं अशी विनंती करते.

त्या आठवड्यात आमच्याकडे गारठून आलेले होते, पडून आलेले होते, पण मला झोपेतही आठवतात ते कार्बन मोनॉक्साइडचे रुग्ण. टेक्सासभर हजाराहून जास्त लोक या विषबाधेने रुग्णालयांत आले. आख्खी कुटुंबं. कुणी गराजमध्ये गाडी चालू ठेवून आत ऊब घेत बसलं होतं, कुणी बार्बेक्यूची शेगडी घरात आणली होती, कुणी जनरेटर दाराशी लावला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि माणसाला वाटतं थंडीने होतंय, झोपून घेऊ. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं तर एक क्षणही विचार करू नका. बाहेर पडा, थंडी असली तरी, आणि तातडीच्या मदतीसाठी 911 लावा.

आपल्या लोकांना हे जास्त सांगावं लागतं. कोळशाची शेगडी खोलीत ठेवायची सवय आपल्याकडच्या कित्येक घरांत आहे. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या अंगीठीने माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. आईबाबांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा: घरात कोळसा नाही, गॅसच्या ओव्हनचं दार उघडून शेकायचं नाही, गराजचं दार उघडं असलं तरी आत गाडी चालू ठेवायची नाही. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म आजच आणा आणि झोपायच्या खोलीजवळ लावा.

आता सासऱ्यांचं. गार कोरडी हवा दम्याला चाळवते. बाहेर जावं लागलं तर नाकातोंडावर मफलर. पंप गार पडला तर फवारा नीट सुटत नाही, म्हणून तो अंगावरच्या खिशात ठेवा, गाडीत नको. रोजचा पंप आणि तातडीचा पंप दोन्ही महिनाभर पुरतील एवढे आहेत का ते आज बघा, मंगळवारी औषधांची दुकानं बंद असतील. नेब्युलायझर विजेवरचा असेल तर बॅटरीवरचा छोटा मिळतो. इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर: ते गोठलं की टाकूनच द्यायचं, खिडकीत ठेवू नका.

---

काका_प्लेनो
17 जानेवारी, संध्याकाळी 6:10

सई, तुझ्याएवढी मुलगी आहे मला, म्हणून अगंतुगं करतो. मी डॅलसकडे 1987 पासून आहे. डिसेंबर 1989 पाहिलाय, 2011 पाहिलाय, 2021 पाहिलाय. 16 फेब्रुवारी 2021 ला डॅलस विमानतळावर उणे 2 फॅरनहाइट, म्हणजे उणे 19 सेल्सियस होतं. 1949 नंतर इतकं कधीच उतरलं नव्हतं.

माझा सल्ला एकच, गाडी काढू नकोस. त्याच थंडीत, 11 तारखेला पहाटे, फोर्ट वर्थला आय-35 महामार्गावर पावसाचा थर गोठला आणि 130 हून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या. सहा माणसं गेली. कामावर निघालेले साधे लोक होते. पूल आणि उंचावरचे रस्ते आधी गोठतात, कारण खालूनही वारा लागतो. तू साध्या रस्त्यावरून नीट येतेस आणि पुलावर चढताच चाकं ऐकत नाहीत.

हॉटेलात जायचं असेल तर सोमवारी दुपारी जा. मंगळवारी निघायचं नाही म्हणजे नाही.

---

वाऱ्यावरची
17 जानेवारी, संध्याकाळी 7:02

पण खरा प्रश्न विजेचा आहे ना? 2021 ला पवनचक्क्या गोठल्या म्हणून वीज गेली. आता तर आणखी पवनचक्क्या लावल्यात.

---

टिकटिक
17 जानेवारी, रात्री 8:25

माझं काम याच क्षेत्रातलं आहे, म्हणून थोडं मोठं लिहितो.

पवनचक्क्या गोठल्या हे खरं. पण गोठलं सगळंच. कोळशाच्या केंद्रांची यंत्रं गोठली, एका अणुभट्टीचा संच बंद पडला, आणि सर्वांत मोठी घट नैसर्गिक वायूवरच्या केंद्रांत झाली. कारण वायूच्या विहिरींची तोंडं गोठली. वायू ढकलणारे कित्येक कॉम्प्रेसर विजेवर चालतात, आणि त्यातल्या काहींची नोंद अत्यावश्यक म्हणून झालेली नव्हती. मग वीज वाचवायला त्यांचीच वीज तोडली गेली. वायू नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून वायू नाही.

15 फेब्रुवारीच्या पहाटे ग्रिडची, म्हणजे राज्यभरच्या वीजजाळ्याची, वारंवारता (विजेचा ठोका) 60 हर्ट्झवरून 59.3 पर्यंत घसरली. 59.4 च्या खाली ती नऊ मिनिटं राहिली असती तर उरलेली केंद्रं स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बंद पडली असती आणि सगळं राज्य अंधारात गेलं असतं. ते पुन्हा उभं करायला आठवडे किंवा महिने लागले असते. तिथपर्यंत 4 मिनिटं 37 सेकंद उरली होती. त्या रात्री कंट्रोल रूममधल्या माणसांनी भराभर लोड तोडला, म्हणजे घराघरांची वीज बंद केली, म्हणून ग्रिड वाचलं. ज्यांची वीज गेली त्यांना हे ऐकून काय वाटेल ते मला कळतं, माझीही गेली होती.

दुसरं, टेक्सासचं ग्रिड बरंचसं एकटं आहे. शेजारच्या राज्यांकडून फारच थोडी वीज घेता येते. एल पासो त्या ग्रिडमध्ये नाही, ते पश्चिमेकडच्या ग्रिडला जोडलेलं आहे. 2011 च्या थंडीत पोळल्यावर तिथल्या वीज कंपनीने यंत्रं थंडीसाठी मजबूत केली. 2021 ला तिथे फारसं काही झालं नाही.

---

अवधूत7
17 जानेवारी, रात्री 8:58

हेच! 2011 नंतर सरकारी अहवाल आला होता, केंद्रं आणि विहिरी थंडीसाठी तयार करा म्हणून. दहा वर्षं कुणी सक्ती केली नाही. मग 2021 ला 45 लाखांहून जास्त घरांची वीज गेली आणि राज्याच्याच हिशेबाने 246 माणसं मेली. आणि आपण इथे एकमेकांना नळ कसा ठिबकत ठेवायचा ते सांगतोय. माणसाने स्वतःच्या पैशाने जनरेटर घ्यायचा, पाइप बदलायचे, हॉटेल शोधायचं, आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी काय करायचं?

---

काका_प्लेनो
17 जानेवारी, रात्री 9:20

अवधूत, तुझा राग मला पटतो. पण मंगळवार चार दिवसांवर आहे. राग आमदारापाशी काढू, नळ आज रात्री बघू.

---

अवधूत7
17 जानेवारी, रात्री 9:31

दोन्ही करू काका. एवढंच म्हणणं आहे की दुसरं केल्यामुळे पहिलं विसरलं जाऊ नये. आमच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये तेव्हा वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या बाई होत्या. वीज नाही, फोन बंद, कुणी दार ठोठावलं नव्हतं. आम्ही खाली आमच्याकडे आणलं तेव्हा त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. हा धागा वाचणाऱ्यांनी आपल्या भिंतीपलीकडे कोण राहतं ते निदान या आठवड्यात विचारून घ्या.

---

टिकटिक
17 जानेवारी, रात्री 9:45

अवधूत, पूर्ण सहमत. पुढे काय झालं तेही नोंदवतो. जून 2021 मध्ये सिनेट बिल 3 हा टेक्सासचा कायदा आला. केंद्रांना थंडीची तयारी सक्तीची झाली, तपासण्या सुरू झाल्या. डिसेंबर 2022 च्या थंडीत ग्रिडने तग धरला. आता मोठमोठ्या बॅटऱ्याही आल्यात. मंगळवारी ग्रिडच कोसळेल अशी भीती मला वाटत नाही. फांदी पडून गल्लीची वीज जाणं मात्र कधीही शक्य. 2023 मध्ये ऑस्टिनला तेच झालं, बर्फाच्या वजनाने ओकची झाडं तारांवर आली.

---

निफाडची_माती
18 जानेवारी, सकाळी 7:30

मी टेक्सासला कधी आलेलो नाही. निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, भाऊ डॅलसला असतो म्हणून धागा वाचतोय. तुमचा नळ ठिबकत ठेवण्याचा उपाय वाचला आणि लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे थंडी येते ती बरोबर मणी फुगायच्या वेळी. पारा चार-पाचच्या खाली आला की वेल थबकतो, फुगवण थांबते, आणि तयार होत आलेल्या मण्यांना तडे जातात. वर्षभराचं कर्ज त्या मण्यांत असतं. थंडीच्या दिवसांत गावातली सगळी माणसं सकाळी एकच विचारतात, कुंदेवाडीला आज किती? तिथल्या गहू संशोधन केंद्रावर पारा मोजतात.

पहाटे तीनच्या सुमाराला उठून आम्ही बागेत जागोजागी शेकोट्या करतो. ज्वाळा नको असते, ओला पालापाचोळा टाकून धूर धरायचा. धुराचा थर बागेवर बसतो. आणि ठिबक चालू करतो. विहिरीचं पाणी पहाटे हाताला कोमट लागतं, तेवढ्याने मुळांशी ऊब राहते. भावाला म्हटलं, तुझ्या घराच्या भिंतीतही आपलंच ठिबक चाललंय.

पहाटेच्या धुरात उभं राहून डोळे चुरचुरतात, पण बाग सोडून घरात झोप येत नाही. तुमची माणसं सांभाळा. मंगळवारी भावाचा फोन लागेपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नसणार.

---

शशांक_ह्यूस्टन
18 जानेवारी, सकाळी 8:10

दादा, काय सुंदर लिहिलंत. आणि या वर्षी बाग कशी आहे?

---

निफाडची_माती
18 जानेवारी, सकाळी 8:40

उशिराच्या छाटणीचा माल चांगला आहे. पंधरा दिवस असेच जाऊ देत.

---

मीनल_शुगरलँड
18 जानेवारी, सकाळी 11:20

माझा प्रश्न कुणाला लहान वाटेल, पण माझा कढीपत्ता जमिनीत लावलाय. सात फूट झालाय. कुंडीतला असता तर आत आणला असता. मोगरा आणि लिंबूही आहेत. काय करू?

---

वेणू_सॅनअँटोनियो
18 जानेवारी, सकाळी 11:34

लहान कसला! कढीपत्त्याची रोपं बाहेरून मागवायलाही बंधनं आहेत, लिंबूवर्गीय झाडांवरच्या रोगामुळे. गेला तर पुन्हा मिळवताना नाकी नऊ येतात.

माझा 2021 ला जमिनीपर्यंत जळला आणि मे महिन्यात मुळातून फुटला. बुंध्याशी पालापाचोळ्याची चांगली फूटभर रास कर. आदल्या दिवशी मुळांना भरपूर पाणी दे, ओली माती ऊब धरून ठेवते. जुन्या चादरीने झाक, पण चादर पार जमिनीपर्यंत आली पाहिजे, कारण जमिनीतली ऊब आत कोंडायची आहे. बुंध्याला गुंडाळून वर नुसतं गाठोडं बांधलं तर काही फायदा नाही. प्लास्टिक पानांना टेकू देऊ नकोस. सकाळी ऊन आलं की काढ.

---

डॉ_कल्याणी
18 जानेवारी, दुपारी 1:05

झाडांवरून आठवलं. 2021 ला टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या साउथ पाद्रे बेटावर समुद्री कासवं थंडीने बधिर होऊन हजारोंनी पाण्यावर तरंगायला लागली. लोकांनी होड्यांतून, पिकअपमधून, आपल्या गाड्यांच्या मागच्या सीटवरून ती आणली आणि कन्व्हेन्शन सेंटरच्या जमिनीवर ओळीने ठेवली. तिथेही वीज गेलेली होती. माझी मैत्रीण तिथे मदतीला होती. ती सांगते, रात्री त्या हॉलमध्ये मधेच एखादं कासव सुस्कारा सोडायचं, आणि सगळे वळून बघायचे की कुठलं जिवंत झालं.

---

मीनल_शुगरलँड
18 जानेवारी, दुपारी 1:22

अंगावर काटा आला.

---

सई_कॅटी
19 जानेवारी, रात्री 9:50

सगळ्यांचे खूप आभार. मुख्य कॉक सापडला, गराजमध्ये वॉटर हीटरच्या मागे. सासऱ्यांनी स्वतः फिरवून बघितला आणि त्यावर लाल रिबिन बांधली. अलार्म आणलाय. पंप, औषधं भरपूर आहेत. बाथटब उद्या भरून ठेवेन, फ्लशसाठी.

हॉटेलचं अजून ठरत नाहीये. नवरा म्हणतो जाऊ, सासूबाई म्हणतात चार भिंती आपल्या असल्या की बरं. कल्याणीताई, तुमचं मत?

---

डॉ_कल्याणी
19 जानेवारी, रात्री 10:30

सई, दमा आटोक्यात असेल, नेब्युलायझर रोज लागत नसेल, तर थांबा. अनोळखी ठिकाणी, पायऱ्या-लिफ्टच्या गडबडीत, वीज तिथेही जाऊ शकते. पण रोज ऑक्सिजन किंवा विजेवरचं यंत्र लागणारं कुणी असेल तर आधीच हलायला हवं, आणि नातेवाइकाचं घर हॉटेलपेक्षा बरं.

थांबलात तर एकच खोली निवडा. शक्यतो आतली, कमी खिडक्यांची. सगळ्यांच्या गाद्या तिथे. दाराखाली टॉवेल. वीज गेली तर फ्रीज उघडू नका. खाणं: खिचडी, पिठलं, काडीने पेटवलेल्या शेगडीवर होईल असं. थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवा. घरातलं तापमान उतरतच गेलं, साधारण 55 फॅरनहाइटच्या खाली, आणि रस्ते ठीक असतील, तर शहराने उघडलेलं ऊब केंद्र कुठे आहे ते 211 या मदतीच्या फोन नंबरवर विचारा.

---

काका_प्लेनो
20 जानेवारी, दुपारी 3:15

जनरेटर असलेल्यांसाठी: खिडक्या-दारांपासून निदान वीस फूट लांब, बाहेर, कधीच गराजमध्ये नाही. आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये उलटी वायर लावून घराला वीज द्यायचा उद्योग करू नका, खांबावर काम करणारा लाइनमन मरतो.

---

मनवा_न्यू_ऑर्लिन्स
21 जानेवारी, रात्री 8:05

लुईझियानातून हजेरी! इथे आज विमानतळावर आठ इंच बर्फ पडलाय. आधीचा विक्रम 1963 चा, 2.7 इंचांचा होता. लेक चार्ल्सच्या हवामान कार्यालयाने हिमवादळाचा इशारा दिला, त्यांच्या इतिहासातला पहिलाच. आय-10 बंद. आमच्या गल्लीतली मुलं नदीच्या बांधावरून पुठ्ठ्याच्या खोक्यांवर घसरतायत, आणि ऐंशीच्या पुढच्या आजोबा-आजी खुर्च्या टाकून बघतायत. मी त्यांना आल्याचा चहा नेऊन दिला. वीज आहे, नळ ठिबकतोय.

---

सई_कॅटी
22 जानेवारी, दुपारी 12:20

आम्ही घरीच थांबलो आणि सगळे ठीक आहोत. दोन-तीन इंच पडला. वीज मधे जराशी गेली, पण खोली गार पडायच्या आत आली. सासरे माकडटोपी आणि मफलर लावून खिडकीतूनच बघत होते. लेकीने अंगणातून ताटलीत बर्फ आणून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बर्फाला हात लावला.

डावीकडच्या शेजाऱ्यांचा बाहेरचा नळ फुटला. होज तसाच होता. माझ्याकडची टीची किल्ली घेऊन त्यांनी मीटरचा कॉक बंद केला.

---

वेणू_सॅनअँटोनियो
22 जानेवारी, दुपारी 12:41

छान वाटलं वाचून. मीनल, कढीपत्त्याचं काय?

---

मीनल_शुगरलँड
22 जानेवारी, दुपारी 1:30

पानं काळी पडलीत सगळी. छाटून टाकू का?

---

वेणू_सॅनअँटोनियो
22 जानेवारी, दुपारी 1:38

मुळीच नको. मार्चपर्यंत हात लावू नकोस, अजून थंडी येऊ शकते आणि वरच्या जळक्या फांद्या खालच्याला आडोसा देतात. मार्चमध्ये नखाने साल खरवड. आत हिरवं दिसलं तिथवर जिवंत, त्याच्या वरून छाट.

---

शशांक_ह्यूस्टन
23 जानेवारी, सकाळी 7:50

सई, आणि ह्यूस्टन परिसरातले सगळे, आज पारा चढतोय. म्हणजे अ‍ॅटिकमधला एखादा पाइप चिरला असेल तर आजच बोलेल. घरातले सगळे नळ, फ्लश, वॉशिंग मशीन बंद करा आणि रस्त्याकडेच्या मीटरचं झाकण उघडून बघा. तबकडीवर एक छोटा त्रिकोण किंवा तारा असतो. काहीही चालू नसताना तो फिरत असेल तर कुठेतरी गळतंय. मग मुख्य कॉक बंद करा. टाकीचा गीझर असेल तर तोही बंद करा, विजेचा असेल तर ब्रेकर पाडा, कारण टाकी रिकामी होऊन आतलं एलिमेंट जळतं. फोटो काढा, ओला कार्पेट फेकायच्या आधी, इन्शुरन्सवाले विचारतात. आणि प्लंबरला आत्ताच फोन लावा, दुपारनंतर सगळ्यांचेच फोन सुरू होतील.